घशातल्या गाठीपर्यंत जाणारा ‘साप’ रोबोट. पण तोंडच उघडत नसेल तर?

घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन म्हटलं की गावाकडे लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. गळ्याला पाडलेलं छिद्र, नाकातून घातलेली नळी, गेलेला आवाज आणि जबड्यावरून खाली उतरलेला टाक्यांचा लांबलचक वण. हे चित्र बघूनच कितीतरी पेशंट ‘ऑपरेशन नको, झाडपाला बघू’ म्हणतात आणि हातातली वेळ घालवतात.

आता मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांच्या जाहिराती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागल्या आहेत. ‘रोबोटने ऑपरेशन, बाहेरून चीर नाही, तोंडातूनच गाठ काढली.’ हे खोटं नाही. असं तंत्र जगात आहे, भारतातही आहे. पण ते कोणाच्या कामाचं आहे आणि कोणाच्या नाही, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ते समजून न घेता जमीन गहाण टाकायला निघणं, किंवा उलट ‘आपल्याला काही परवडायचं नाही’ म्हणून घरी बसणं, दोन्ही महागात पडतं. म्हणून हा विषय नीट उलगडून बघायला हवा.

अडचण जागेची आहे

आरशासमोर उभं राहून ‘आ’ केलं की पडजीभ दिसते, दोन बाजूंना टॉन्सिल दिसतात. त्याच्या पुढे रस्ता एकदम खाली वळतो. जिभेचं मूळ, त्याखाली स्वरयंत्र आणि त्याच्या मागे अन्ननलिकेचं तोंड. तोंडातून सरळ बघितलं तर यातलं काहीच दिसत नाही. डॉक्टरांच्या सरळ चिमट्याला आणि कात्रीला तिथे पोहोचायचं तर वळण घ्यावं लागतं, आणि पोलादी हत्यार वळत नाही.

म्हणून जुन्या पद्धतीत जिभेच्या मुळाशी असलेली गाठ काढायला खालचा ओठ चिरून जबड्याचं हाड मधोमध दुभंगावं लागायचं. गाठ लहान असली तरी तिथे जायचा रस्ताच मोठा करावा लागायचा. पेशंटला जास्त त्रास व्हायचा तो या रस्त्याचा. जबडा जुळेपर्यंत नळीने जेवण, गळ्याला तात्पुरतं छिद्र, चेहऱ्यावर कायमचा वण.

यावर पहिला तोडगा निघाला लेझरचा. तोंडात सरळ नळी ठेवायची, बाहेरून सूक्ष्मदर्शक लावायचा आणि लेझरच्या किरणाने गाठ कापायची. स्वरयंत्राच्या लहान गाठींसाठी ही पद्धत आजही वापरली जाते आणि चांगली आहे. पण किरणसुद्धा सरळच जातो. कोपऱ्यामागे दडलेल्या गाठीला तो काही करू शकत नाही.

दुसरा तोडगा रोबोटचा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले ग्रेगरी वाइनस्टाइन आणि बर्ट ओमॅली या दोन डॉक्टरांनी ‘दा विंची’ नावाचा रोबोट तोंडातून वापरायची पद्धत बसवली. २००९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घशाच्या ठराविक ऑपरेशनसाठी तिला परवानगी दिली. यात कॅमेरा आणि दोन हत्यारं तोंडातून आत जातात आणि हत्यारांची टोकं मनगटासारखी वळतात. पण टोक वळलं तरी मागचा दांडा सरळच राहतो. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळापर्यंत काम छान होतं. त्याच्याही खाली, स्वरयंत्राच्या आसपास, दांडे एकमेकांना आणि पेशंटच्या दातांना अडू लागतात.

सापासारखी नळी चालते कशी?

यावर उपाय शोधला गेला तो वेगळ्याच कामासाठी. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात हाउई चोसेट हे प्राध्यापक सापासारखे रोबोट बनवत होते. छाती न फाडता लहान छिद्रातून हृदयापर्यंत जाता येईल का, असा तिथला विचार होता. त्यातून निघालेल्या मेडरोबोटिक्स कंपनीने पुढे हेच तंत्र घशाकडे वळवलं. ‘फ्लेक्स’ नावाच्या त्यांच्या यंत्राला २०१४ मध्ये युरोपात आणि २०१५ मध्ये अमेरिकेत तोंडातून घशाच्या ऑपरेशनसाठी मान्यता मिळाली. युरोपात जर्मनीतल्या एसेनच्या विद्यापीठ रुग्णालयात सुरुवातीची ऑपरेशनं झाली.

यंत्राची युक्ती समजायला सोपी आहे. एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या, दोन्ही बारीक कड्यांच्या साखळीच्या. आतून दोऱ्या ताणल्या की साखळी दगडासारखी कडक होते, सैल सोडल्या की मऊ. आधी आतली नळी कडक करायची आणि बाहेरची मऊ नळी तिच्यावरून एक पाऊल पुढे सरकवून हवी तशी वळवायची. मग बाहेरची कडक करायची आणि आतली मऊ करून तिच्यामागे आणायची. असं आलटून पालटून चालत राहायचं.

ओल्या रस्त्यावर पहिल्या गाडीने चाकोरी पाडली की मागच्या गाड्या त्याच चाकोरीने जातात, तसंच हे. नळीचं तोंड जिथून वळलं, अंगही बरोबर तिथूनच वळतं. मधल्या भिंतीला धक्का नाही, दातावर जोर नाही. मुक्कामाला पोहोचलं की सगळी नळी कडक होते आणि काम करायला पक्का आधार तयार होतो. तोंडावर बारीक कॅमेरा, दोन्ही अंगांना दोन वाटा आणि त्या वाटांतून सुमारे साडेतीन मिलिमीटर जाडीची वाकणारी हत्यारं. एकाने पकडायचं, दुसऱ्याने कापायचं.

यात अजून एक फरक होता. दा विंचीमध्ये डॉक्टर पेशंटपासून थोडं दूर, वेगळ्या टेबलावर बसून काम करतात. फ्लेक्समध्ये रोबोट फक्त कॅमेऱ्याची नळी चालवायचा, हत्यारं मात्र डॉक्टर स्वतःच्या हाताने, पेशंटच्या उशाशी उभं राहून चालवायचे. त्यामुळे मांस मऊ लागतंय की कडक, हे हाताला थोडंफार कळत होतं.

दा विंचीच्या कंपनीनेही नंतर ‘एसपी’ नावाचं यंत्र आणलं. २५ मिलिमीटरच्या एकाच नळीतून कॅमेरा आणि तीन वळणारी हत्यारं बाहेर पडतात. अमेरिकेत तोंडातून वापरायला त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे कंपन्या वेगळ्या असल्या तरी दिशा एकच आहे: सरळ दांड्याकडून वळणाऱ्या नळीकडे.

रोबोट ऑपरेशन करत नाही

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. ‘रोबोट ऑपरेशन करतो’ म्हणजे यंत्र आपल्या डोक्याने गाठ शोधून कापतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही. यापैकी एकही यंत्र स्वतः निर्णय घेत नाही. प्रत्येक हालचाल डॉक्टरांच्या हाताची असते, यंत्र ती हालचाल बारीक आणि स्थिर करून आत पोहोचवतं. ट्रॅक्टर कितीही भारी असला तरी नांगरट ड्रायव्हरच्या हातावर ठरते, तसाच हा प्रकार.

म्हणून ‘तुमच्याकडे कोणता रोबोट आहे’ यापेक्षा ‘हे ऑपरेशन तुम्ही स्वतः किती पेशंटवर केलं आहे’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. गाठ काढताना तिच्या चहूबाजूंनी थोडं निरोगी मांस काढावं लागतं. ते नीट निघालं नाही तर चीर बाहेरून असो की आतून, रोग परत येतो.

फायदा खरा, धोकाही खरा

लहान गाठीसाठी, योग्य पेशंटसाठी फायदा मोठा आहे. जबडा फोडावा लागत नाही, चेहऱ्यावर वण नाही, दवाखान्यात राहायचे दिवस कमी आणि बऱ्याच जणांना गळ्याला छिद्र लागत नाही. पण एक गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. घशाचा कॅन्सर मानेतल्या गाठींमध्ये उतरतो, म्हणून तोंडातून ऑपरेशन झालं तरी मानेतल्या गाठी काढायला बाहेरून चीर बऱ्याचदा द्यावीच लागते. ‘एकही टाका नाही’ हे म्हणूनच सगळ्यांच्या बाबतीत खरं ठरत नाही.

आणि हे ऑपरेशन लाईट देण्यापेक्षा, म्हणजे रेडिएशनपेक्षा, चांगलंच असतं असंही सिद्ध झालेलं नाही. कॅनडातल्या डॉक्टरांनी ‘ओरेटर’ नावाचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६८ पेशंट, निम्म्यांना लाईट, निम्म्यांचं तोंडातून रोबोटने ऑपरेशन. एका वर्षाने गिळण्याची ताकद मोजली तर लाईट घेतलेल्यांचे गुण थोडे जास्तच निघाले. फरक फार मोठा नव्हता, पण रोबोट जिंकला असं काही दिसलं नाही. ऑपरेशनच्या गटात एका पेशंटचा रक्तस्रावाने मृत्यू झाला. त्यानंतरच्या दुसऱ्या अभ्यासात ऑपरेशनच्या गटात उपचारांमुळे दोन मृत्यू झाल्यावर तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

घाबरवण्यासाठी हे आकडे दिलेले नाहीत. अनुभवी हातांत हे ऑपरेशन रोज होतं आणि बहुतेक पेशंट सुखरूप घरी जातात. पण रक्तस्रावाची गोष्ट खेड्यातल्या पेशंटने नीट ऐकायला हवी. घशातली जखम उघडीच ठेवलेली असते, ती आतून हळूहळू भरते. खपली सुटायची वेळ येते साधारण पहिल्या दोन आठवड्यांत. तेव्हा मोठा रक्तस्राव होऊ शकतो आणि रक्त श्वासनलिकेत उतरलं तर काही मिनिटांत जिवावर बेततं. शहरातला पेशंट तेव्हा अर्ध्या तासात दवाखान्यात पोहोचतो. पण पेशंट चौथ्या दिवशी डिस्चार्ज घेऊन दोनशे किलोमीटरवरच्या वाडीवर गेला असेल, रात्री गाडी नसेल, प्राथमिक आरोग्य केंद्रात घसा बघणारा डॉक्टर नसेल, तर काय?

म्हणून बाहेरगावच्या पेशंटने असं ऑपरेशन केलं तर पहिले दोन आठवडे दवाखान्याजवळच राहायची सोय करावी. धर्मशाळा असो, पाहुण्यांचं घर असो. त्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

आपला रोग वेगळा आहे

आता मूळ मुद्दा. हे तंत्र ज्या देशांत वाढलं, तिथला घशाचा कॅन्सर आणि आपल्याकडचा कॅन्सर यात फरक आहे. अमेरिकेत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. असा पेशंट तंबाखू न खाणारा असू शकतो, त्याचं तोंड नीट उघडतं आणि रोग उपचारांना चांगली दाद देतो. रोबोटसाठी हा योग्य पेशंट.

आपल्याकडे कारण तंबाखू आणि सुपारी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे १०० मध्ये चारसुद्धा नाहीत, पण तंबाखू चघळणारे, दाताला लावणारे जवळपास २४ आहेत. चुना-तंबाखू, मावा, विदर्भातला खर्रा, बायकांची मशेरी, सगळं यात आलं. त्यामुळे आपल्याकडे रोग जास्त करून गालाच्या आत, हिरडीला, जिभेच्या कडेला होतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे पेशंट सापडले आणि सुमारे ८० हजार जण त्याने गेले. पुरुषांमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर आहे.

गालाच्या किंवा हिरडीच्या गाठीला सापासारख्या रोबोटची गरजच नसते. ती डोळ्यांना दिसते, बोटाला लागते. तिथे साधं ऑपरेशनच योग्य. त्यामुळे कोणी गालाच्या गाठीसाठी ‘रोबोटनेच करू’ म्हणून जास्तीचे पैसे मागत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

याहून वाईट गोष्ट सुपारीची. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांच्या तोंडाची आतली कातडी हळूहळू कडक होते. आधी तिखट झोंबतं, मग गाल आवळतात, मग तोंड उघडणं कमी होतं. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. निव्वळ सुपारीसुद्धा कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो’ या म्हणण्याला म्हणून काही अर्थ नाही.

आणि इथेच रोबोटची गाडी अडते. तोंडातून करायचं ऑपरेशन म्हणजे तोंड मोठं उघडायला हवं. कॅमेरा, हत्यारं, जीभ दाबून ठेवणारी पट्टी, सगळं एकाच वेळी आत बसवायचं असतं. ज्याच्या तोंडात दोन बोटंही जात नाहीत, त्याच्यासाठी जगातला सगळ्यात भारी रोबोटही दारातच थांबतो. ज्या व्यसनाने रोग दिला, त्याच व्यसनाने सोप्या ऑपरेशनचं दार बंद केलेलं असतं.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ च्या जुलैपासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे कोणत्याही एसटी स्टँडच्या कोपऱ्यात बघितलं की कळतं. शाळकरी पोरांच्या हातात पुड्या दिसतात. रोबोट आणायचा तर कोट्यवधी रुपये लागतात, बंदी पाळायला लागते ती इच्छा.

बॅटरीच्या उजेडाने वाचवलेले जीव

तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कशाने कमी झाले, याचा भक्कम पुरावा भारतातच आहे आणि त्यात एकही महागडं यंत्र नाही. केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर गेले, बॅटरीच्या उजेडात लोकांची तोंडं तपासली आणि संशय आला त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते.

दुसरा पुरावा मुंबईच्या टाटा मेमोरियलचा. तोंडाची गाठ लहान असताना मानेतल्या गाठी त्याच वेळी काढाव्यात, की नंतर दिसल्या तर काढाव्यात, यावर डॉक्टरांत वर्षानुवर्षं वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० पेशंटचा हिशेब मांडला आणि २०१५ मध्ये निकाल जाहीर केला. त्याच वेळी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट बघितलेल्यांपैकी साडेसदुसष्ट टक्के. साध्या चाकूने केलेलं ऑपरेशन, पण योग्य वेळी केलेलं. या निकालाने जगभरातल्या डॉक्टरांची पद्धत बदलली.

ग्रामीण महाराष्ट्राचीही यात जुनी कमाई आहे. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात १९८७ पासून गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली अशी ही पहिली ग्रामीण नोंदवही. नोंद ठेवायला माणसं गावात जाऊ लागली, तशी लोकांना लक्षणं कळू लागली.

मग रोबोट निरुपयोगी का? अजिबात नाही. ज्याचा रोग टॉन्सिलला, जिभेच्या मुळाला किंवा स्वरयंत्राच्या वरच्या भागात आहे, गाठ लहान आहे आणि तोंड नीट उघडतं, त्याला तोंडातून ऑपरेशनचा पर्याय मिळायलाच हवा. तो गरीब आहे म्हणून त्याचा जबडा फोडावा, हे काही न्यायाचं नाही. पण असा पेशंट सापडतो तोच मुळी रोग लवकर कळला तर. गाठ लिंबाएवढी होऊन मानेत उतरल्यावर रोबोटचं नाव घेण्यात अर्थ नसतो.

खेड्याला हवी असलेली वाकणारी नळी

खेड्यातल्या माणसाच्या जास्त कामाची दुर्बीण वेगळीच आहे आणि ती स्वस्त आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे साधारण तीन-चार मिलिमीटर जाडीची, वाकणारी दुर्बीण असते. ती नाकातून घशापर्यंत घालतात. भूल द्यावी लागत नाही, नाकात बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारला की पुरतं. पाच-दहा मिनिटांत स्वरयंत्र आणि जिभेचं मूळ स्क्रीनवर दिसतं. तोंड उघडत नसलेल्या पेशंटचीही अशी तपासणी होते, कारण रस्ता नाकातून आहे.

ही सोय सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात असते. प्रश्न तालुक्याचा आहे. आवाज बसलेला माणूस आधी मेडिकलमधून गोळ्या घेतो, मग गावातल्या डॉक्टरांकडे इंजेक्शन, मग कोणीतरी सांगितलेला काढा. यात चार-सहा महिने जातात. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी घशाचे डॉक्टर दुर्बीण घेऊन आले, तर यातले बरेच महिने वाचतील. लोकप्रतिनिधींकडे मागायचीच असेल तर जिल्ह्याला रोबोट मागण्याआधी तालुक्याला ही दुर्बीण मागावी.

पैशाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, किमो आणि लाईट यांचा समावेश आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेल्या या योजनेत पूर्वी वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती ५ लाख करायचा आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना योजनेत घ्यायचा निर्णय घेतला. म्हणजे पिवळं-केशरी कार्ड नाही म्हणून माघारी फिरायचं कारण उरलेलं नाही.

पण योजनेत प्रत्येक उपचाराचा ठरलेला दर असतो. रोबोट वापरल्याचा जादा खर्च त्यात बसतो की नाही, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. ‘ऑपरेशन योजनेत, रोबोटचे वेगळे भरा’ असं कोणी सांगितलं तर १५५३८८ या योजनेच्या नंबरवर फोन करून खात्री करावी.

ज्यांनी खासगी आरोग्य विमा काढला आहे त्यांच्यासाठी: विमा नियामक संस्थेने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांची यादी काढली, त्यात रोबोटिक ऑपरेशन आहे. कंपनी ते सरसकट नाकारू शकत नाही, मात्र त्यासाठी वेगळी मर्यादा लावू शकते. ती मर्यादा पॉलिसीच्या कागदात बघावी.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

रोबोटिक ऑपरेशन सुचवलं गेलं तर घरच्यांनी हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. विचारायला लाजू नये, चांगला डॉक्टर चिडत नाही.

१. गाठ नेमकी कुठे आहे आणि कोणत्या टप्प्याची? तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला का?

२. साध्या ऑपरेशनने, लेझरने किंवा लाईटने हेच होईल का? नसेल तर का नाही?

३. हे ऑपरेशन तुम्ही स्वतः किती जणांवर केलं आहे?

४. मानेला चीर द्यावी लागेल का? गळ्याला छिद्र लागेल का, लागलं तर किती दिवस?

५. ऑपरेशननंतरही लाईट किंवा किमो लागायची शक्यता किती? लागणारच असेल तर मग ऑपरेशनने काय वाचणार?

६. रात्री रक्त आलं तर कुठे यायचं, कोणाला फोन करायचा?

७. एकूण खर्च किती, त्यातला योजनेतून किती, खिशातून किती?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ऑपरेशनही झालं आणि लाईट-किमोही पूर्ण घ्यावी लागली, तर पेशंटला तिन्हींचा त्रास होतो आणि घराला तिन्हींचा खर्च. चांगल्या कॅन्सर रुग्णालयात ऑपरेशन, लाईट आणि किमो अशा तिन्ही विभागांचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात. तसा निर्णय झाला आहे का, हे विचारायचा पेशंटला हक्क आहे.

ही लक्षणं असतील तर थांबू नका

आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला. गिळताना अडकणं किंवा दुखणं. एकाच बाजूचा कान दुखणं, पण कानात काही नसणं. मानेत न दुखणारी गाठ. थुंकीत रक्त. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम. यातलं एक जरी असेल तर घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. दरवेळी कॅन्सरच निघतो असं नाही, बहुतेक वेळा दुसरंच कारण निघतं. पण बघितल्याशिवाय ते कळत नाही.

आणि एक तपासणी घरीच, फुकट. आपली तीन बोटं उभी, एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघावीत. तीन बोटं सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर तोंड आवळायला लागलं आहे असं समजून सुपारी-गुटखा त्याच दिवशी बंद करावा आणि दातांच्या किंवा घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्ती फोन मोफत आहे.

वळणारे रोबोट अजून सुधारतील, दर वर्षी थोडे बारीक होतील, आज ना उद्या स्वस्तही होतील. भारतातही सर्जिकल रोबोट बनू लागले आहेत. पण ते सगळे तोंडातूनच आत जाणार आहेत. तोंड उघडं राहील आणि गाठ लहान असतानाच सापडेल, एवढी काळजी मात्र कोणतंही यंत्र घेणार नाही. ती घरात, शाळेत आणि गावातल्या पानटपरीवरच घ्यावी लागेल.